एकोणपन्नासांतलं एक मत

परवा कॉलेजच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा आला. ‘अमेरिकेत एका आमदाराने चक्क देवावर खटला भरला!’ आणि खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. दर दोन-तीन वर्षांनी हा मेसेज कुठून तरी उगवतो. त्यात त्या माणसाचं नाव नसतं, राज्याचं नसतं, खटला का भरला हेही नसतं. या वेळी मला राहवलं नाही. ग्रुपवर दोन ओळींत सांगून होणारं नाही, म्हणून इथे लिहितेय. पोस्ट मोठी आहे. वेळ काढून वाचा, पण शेवटपर्यंत वाचा.

त्यांचं नाव अर्नी चेंबर्स. नेब्रास्का राज्याच्या विधिमंडळात त्यांनी ४६ वर्षं काढली. पहिल्यांदा निवडून आले १९७० साली, शेवटचं सभागृह सोडलं जानेवारी २०२१ मध्ये, वयाच्या ८३व्या वर्षी. मध्ये चार वर्षांचा खंड पडला, त्याबद्दल पुढे सांगते. या राज्यात इतकी वर्षं आमदारकी दुसऱ्या कुणीच केलेली नाही. गव्हर्नरपदासाठी आणि अमेरिकी सिनेटसाठी एकेकदा उभे राहिले, दोन्ही वेळा हरले. बाकी आयुष्यभर उत्तर ओमाहाचा, म्हणजे ओमाहा शहरातल्या काळ्या वस्तीचा, ११ क्रमांकाचा मतदारसंघ आणि लिंकन या राजधानीच्या गावातल्या कॅपिटलमधली, म्हणजे विधिमंडळाच्या इमारतीतली, ती एक खुर्ची. आमदाराचा पगार वर्षाला १२,००० डॉलर. १९८८ साली मतदारांनी तो ठरवला, तेव्हापासून तेवढाच आहे. महिन्याचे हजार डॉलर. आज ओमाहात दोन खोल्यांच्या अपार्टमेंटचं भाडंही त्यात सुटत नाही.

आम्ही ओमाहाला आलो २०१० च्या डिसेंबरात, नवऱ्याच्या नोकरीमुळे. बर्फ, ओळख कुणाचीच नाही, मोठी मुलगी सहा वर्षांची आणि धाकटा पाळण्यात. सकाळी पेपर वाचणं एवढाच माझा या गावाशी संबंध. एक दिवस त्या पेपरात ‘मुंबई’ हा शब्द दिसला आणि मी चहाचा कप खाली ठेवला. नेब्रास्काच्या तुरुंग खात्याने मृत्युदंडासाठी लागणारं सोडियम थायोपेंटल मुंबईतल्या एका औषध कंपनीकडून विकत घेतलं होतं. इथली कोर्टं विजेची खुर्ची अमानुष ठरवून मोकळी झाली होती, विषारी इंजेक्शनाचा कायदा झाला होता, पण औषध अमेरिकेत मिळेना. मग आपल्या मुंबईकडून. थोड्याच महिन्यांत त्या कंपनीने जाहीर केलं की मृत्युदंडासाठी हे औषध आपण यापुढे विकणार नाही. ते वाचून मला किती बरं वाटलं होतं, ते अजून आठवतं. याच विषयावर वाचता वाचता चेंबर्स हे नाव पहिल्यांदा माझ्यासमोर आलं. मृत्युदंड रद्द करण्याचं विधेयक हा माणूस सत्तरच्या दशकापासून जवळजवळ प्रत्येक अधिवेशनात मांडत आला होता. दर वेळी पडत होतं, दर वेळी पुन्हा मांडत होता.

नेब्रास्काचं विधिमंडळ समजल्याशिवाय हा माणूस समजत नाही, म्हणून थोडं सांगते. अमेरिकेच्या पन्नास राज्यांत हे एकच राज्य असं आहे जिथे विधिमंडळाचं सभागृह एकच आहे. आपल्या भाषेत, इथे विधान परिषदच नाही. जॉर्ज नॉरिस या सिनेटरने मंदीच्या काळात गावोगाव फिरून लोकांना हे पटवलं आणि १९३७ पासून ते लागू झालं. सभासद फक्त ४९. मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसतं. प्रत्येक विधेयकावर जाहीर सुनावणी घ्यावीच लागते, कुणीही नागरिक जाऊन बोलू शकतो. अशा सभागृहात एका सभासदाला नियम तोंडपाठ असले, तर त्या एका मताची किंमत वाढते. चेंबर्स यांची सगळी ताकद यातून आली.

ते राजकारणात कसे आले? केस कापता कापता. क्रेटन विद्यापीठातून १९५९ मध्ये पदवी घेतली, पोस्टात नोकरी धरली, १९६३ साली तिथून काढलं गेलं. काळ्या कर्मचाऱ्यांना वरिष्ठ ‘बॉय’ म्हणून हाक मारतात याविरुद्ध बोललो म्हणून काढलं, असं त्यांचं म्हणणं होतं. मग उत्तर ओमाहातल्या कटिंगच्या दुकानात उभे राहिले. साठच्या दशकाच्या मध्यावर चित्रित झालेल्या एका माहितीपटात ते दुकान आहे. एक गोरा पाद्री चर्चा करायला येतो आणि तिशीही न गाठलेला हा तरुण हातातलं काम न थांबवता त्याला गोऱ्या ख्रिस्ती समाजाबद्दल जे काय वाटतं ते तोंडावर सांगतो. आवाज चढवत नाही. पाद्री ऐकत राहतो. १९६९ साली ओमाहात एका पोलिसाच्या गोळीने चौदा वर्षांची काळी मुलगी मेली, वस्ती पेटली, आणि पुढच्याच वर्षी चेंबर्स निवडून आले. कायद्याची पदवी त्यांनी आमदार असताना १९७९ मध्ये घेतली. वकिलीची सनद मात्र घेतली नाही, कारण त्यासाठी बार असोसिएशनचं सभासदत्व सक्तीचं होतं आणि ती सक्ती त्यांना मान्य नव्हती.

मी त्यांना प्रत्यक्ष पाहिलं ते २०१४ च्या वसंतात. इथे चौथीच्या मुलांना राज्याचा इतिहास असतो आणि शाळा त्यांना लिंकनला कॅपिटल दाखवायला नेते. मुलीच्या वर्गाबरोबर मदतनीस आई म्हणून मीही बसमध्ये होते. ती इमारत सुंदर आहे. चारशे फुटी मनोरा, टोकावर बी पेरणाऱ्या शेतकऱ्याचा पुतळा. आम्ही वरच्या सज्जात बसलो. अध्यक्षांनी माइकवरून शाळेचं नाव घेतलं, मुलं उभी राहिली, खालून टाळ्या झाल्या. आणि मग मुलीने माझी बाही ओढली: “आई, ते बघ, त्या आजोबांनी सूट नाही घातला!”

सगळे कोट-टायमध्ये, आणि हा एक पांढऱ्या दाढीचा माणूस आखूड बाह्यांच्या गडद स्वेटशर्टमध्ये आणि जीन्समध्ये. हातात माइक. विषय होता माउंटन लायनच्या शिकारीवर बंदी. राज्यात ही जनावरं परत येऊन स्थिरावत होती तोच त्यांच्या शिकारीला परवानगी देणारा कायदा झाला होता, आणि चेंबर्स तो उलटवायला निघाले होते. ते विधेयक मंजूर झालं, गव्हर्नरने व्हेटो केलं, तो व्हेटो काही मोडता आला नाही. पण त्या दिवशी दहा वर्षांची पंचवीस मुलं कठड्याला हनुवटी टेकवून चिडीचूप ऐकत होती. समोरचे निम्मे आमदार फोनमध्ये बघत होते. चेंबर्स सज्जाकडे पाहून बोलत नव्हते, टाळीसाठी थांबत नव्हते. एका आमदाराचा मुद्दा घेऊन तो कुठे लंगडा पडतो ते दाखवायचे, मग पुढचा. परतीच्या बसमध्ये मुलं त्या ‘स्वेटशर्टवाल्या सिनेटर’बद्दलच (इथे राज्याच्या आमदारालाही सिनेटरच म्हणतात) बोलत होती.

आता त्यांचं हत्यार. अधिवेशन एका वर्षी ९० दिवसांचं, दुसऱ्या वर्षी ६० दिवसांचं. प्रत्येक विधेयक तीन फेऱ्यांतून जातं. प्रत्येक सूचनेवर सभासदाला ठरावीक वेळा बोलायचा हक्क. चेंबर्स एक सूचना मांडायचे, तिच्यावरचा आपला सगळा वेळ वापरायचे, ती पडली की फेरविचाराची सूचना, मग दुरुस्ती, मग समितीकडे परत पाठवण्याची सूचना. चर्चा जबरदस्तीने थांबवायला ३३ मतं लागतात आणि ती दर वेळी जमत नाहीत. अधिवेशनाचे दिवस संपत आले की वेळ हीच सभागृहातली सगळ्यात महाग वस्तू होते, आणि तिची किल्ली या एका माणसाकडे असायची. लोक विधेयक मांडण्याआधी त्यांच्या टेबलाजवळ येऊन विचारायचे, यात तुम्हाला काय खटकतंय? खटकलेलं काढून टाकायचे. कितीतरी वाईट कायदे असे जन्मायच्या आतच थांबले, त्यांची नोंद कुठल्या आकडेवारीत सापडणार नाही. याला ‘अडवणूक’ म्हणणारे खूप आहेत. मी म्हणणार नाही. मसुद्यातलं प्रत्येक कलम वाचून येणारा एक माणूस सभागृहात असेल, तर बाकीच्या ४८ जणांनाही वाचून यावं लागतं.

आणि नुसतं अडवलं नाही, घडवलंही. ओमाहाच्या नगर परिषदेची निवडणूक पूर्वी शहरभर एकत्र व्हायची, त्यामुळे उत्तर ओमाहाचा माणूस कधी निवडून यायचाच नाही. प्रभागवार निवडणुकीचा कायदा चेंबर्स यांनी करून घेतला आणि १९८१ मध्ये फ्रेड कॉनली हे पहिले काळे नगरसेवक झाले. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषी राजवटीशी व्यवहार करणाऱ्या कंपन्यांतून राज्याचा पैसा काढून घ्यायचा ठराव त्यांनी १९८० मध्ये मंजूर करून घेतला. अमेरिकेतलं हे पहिलं राज्य. मक्याच्या आणि गुरांच्या या प्रदेशाने, जिथे काळी लोकसंख्या जेमतेम, सगळ्यांच्या आधी हे पाऊल टाकलं ते एका कटिंगवाल्या आमदारामुळे. शाळेत मुलांना मारण्यावर बंदीही त्यांचीच.

हरलेही अनेकदा. विधिमंडळात रोज सरकारी पगारावरचा पाद्री प्रार्थना म्हणायचा, त्याविरुद्ध ते कोर्टात गेले. खालच्या कोर्टांत बरंच जिंकत प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोचलं आणि १९८३ मध्ये तिथे ६ विरुद्ध ३ असे हरले. कायद्याच्या कॉलेजांत तो निकाल आजही शिकवतात, त्यांच्या नावाने.

मग सन २००० मध्ये मतदारांनी मुदतीची मर्यादा आणली: सलग दोन टर्म झाल्या की चार वर्षं बाहेर. हा नियम एका माणसाला घालवण्यासाठी होता असं इथे उघड बोललं जातं. २००९ च्या जानेवारीत चेंबर्स बाहेर पडले, त्यांच्याबरोबर बाकीचे जुने जाणतेही. मला हा नियम चुकीचा वाटतो आणि मी हे जपून बोलत नाहीये. एकाच घराण्याने पिढ्यानपिढ्या बळकावलेली खुर्ची आणि लोकांनी दर चार वर्षांनी मतं देऊन राखलेली खुर्ची यांत फरक आहे. नवा आमदार नियम शिकेपर्यंत त्याची निम्मी मुदत संपते. लॉबिस्ट मात्र तेच राहतात, खात्यांचे अधिकारी तेच राहतात. सभागृहाची आठवण सभासदांकडून त्यांच्याकडे जाते, आणि त्यांना कुणी निवडून दिलेलं नसतं. चेंबर्स चार वर्षं थांबले, २०१२ मध्ये पुन्हा उभे राहिले, विद्यमान आमदाराला हरवलं आणि पंच्याहत्तराव्या वर्षी त्याच सभागृहात परत आले. पुढच्या अधिवेशनांत मृत्युदंड रद्दचं विधेयक पुन्हा टेबलावर होतं.

आता मे २०१५. हे आठवडे मी विसरू शकत नाही.

एकदा, १९७९ साली, विधिमंडळाने मृत्युदंड रद्द करायचं विधेयक मंजूर केलं होतं आणि गव्हर्नर चार्ल्स थोन यांनी व्हेटो केला होता. त्यानंतर ३६ वर्षांनी चेंबर्स यांनी पुन्हा मतं जमवली, आणि या वेळी त्यांच्या बाजूला कट्टर रिपब्लिकन आमदार होते. कुणी कॅथलिक श्रद्धेमुळे, कुणी खर्चामुळे, कुणी म्हणत होतं की जे काम सरकारला वीस वर्षांत धड जमत नाही ते सरकारने करूच नये. आयुष्यभर ज्यांच्याशी भांडले त्यांच्याबरोबर बसून चेंबर्स यांनी एकेक मत जोडलं. २० मे रोजी विधेयक ३२ विरुद्ध १५ मतांनी मंजूर झालं.

त्याच दिवशी ओमाहात एक महिला पोलीस अधिकारी कर्तव्यावर असताना गोळी लागून गेली. तिची मुलगी वेळेआधी जन्मलेली, तीन महिने हॉस्पिटलात होती. दुसऱ्या दिवशी बाळ घरी येणार होतं आणि आईची बाळंतपणाची रजा सुरू होणार होती. सगळं गाव सुन्न झालं. २६ तारखेला अंत्ययात्रा निघाली तेव्हा रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं उभी होती, मीही मुलांचे हात धरून उभी होते. शेजारची बाई रडत होती. मीही रडले. त्याच दिवशी गव्हर्नर पीट रिकेट्स यांनी व्हेटोवर सही केली.

आणि त्याच्या दोनच महिने आधी चेंबर्स एका सुनावणीत बोलून गेले होते की माझ्या वस्तीसाठी आयसिस म्हणजे पोलीस. ते वाक्य मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. त्या गर्दीत उभी असताना ते मला टोचत होतं. त्यांनी माफी मागितली नाही. उत्तर ओमाहात त्यांनी जे पाहिलं ते मी पाहिलेलं नाही हे मला मान्य आहे, पण त्या वाक्याने ऐकणारे अनेक कान बंद झाले. २००६ मध्ये ओमाहाच्या शाळांचा जिल्हा तीन तुकड्यांत तोडायची त्यांची दुरुस्तीही मला अशीच चुकीची वाटते. वस्त्या आधीच विभागलेल्या आहेत, निदान काळ्या पालकांच्या हातात त्यांच्या शाळांचा कारभार येऊ द्या, हा त्यांचा मुद्दा खरा होता. पण कायद्यानेच वंशाच्या रेषा आखल्यासारखं झालं असतं. अंमलात यायच्या आतच पुढच्या वर्षी तो कायदा मागे घेतला गेला, ते बरं झालं.

२७ मे, बुधवार. व्हेटो मोडायला बरोबर ३० मतं हवी होती. मी ऑफिसात हेडफोन लावून थेट प्रक्षेपण बघत होते. आदल्या आठवड्यातल्या ३२ पैकी दोघं फुटल्याचं कळलं होतं. अजून एक गेला तर संपलं. दुपारभर चर्चा चालली. आकडा आला: ३० विरुद्ध १९. सज्जातून टाळ्यांचा आवाज आला. मी टेबलापाशी एकटीच तोंडावर हात धरून बसले होते. सत्याहत्तर वर्षांच्या त्या माणसाभोवती लोक गोळा होत होते.

पुढचं मात्र कडू आहे. गव्हर्नर रिकेट्स यांनी आणि त्यांच्या वडिलांनी स्वतःच्या खिशातून लाखो डॉलर सह्यांच्या मोहिमेत ओतले, जनमताची मागणी झाली, आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये सुमारे ६१ टक्के मतदारांनी मृत्युदंड परत आणला. २०१५ मध्ये सरकारने भारतातल्याच एका दलालाला औषधासाठी ५४,४०० डॉलर दिले होते, ते औषध कधी आलंच नाही. शेवटी १४ ऑगस्ट २०१८ रोजी लिंकनला एकाला मृत्युदंड दिला गेला, अमेरिकेत पहिल्यांदाच फेंटानिल हे तीव्र वेदनाशामक वापरून. तो माणूस १९७९ साली ओमाहात झालेल्या दोन टॅक्सीचालकांच्या खुनांबद्दल दोषी ठरला होता. १९७९. ज्या वर्षी पहिला व्हेटो झाला तेच वर्ष.

लोक मला म्हणतात, मग काय उपयोग झाला? चार दशकं घालवली आणि हाती काय आलं? मला हा प्रश्न कळतो, पण मी तो वेगळा विचारते. मंजूर होणार याची खात्री असलेलीच विधेयकं प्रत्येक आमदाराने मांडायची ठरवली, तर कुठल्याही सभागृहात काय उरेल? २०१५ ला ज्या तीस जणांनी मत दिलं त्यांतले काही जण चेंबर्स पहिल्यांदा निवडून आले तेव्हा जन्मलेलेही नव्हते. तो विषय त्यांच्यासाठी कुणी तरी जिवंत ठेवला होता.

आता तो खटला. सप्टेंबर २००७ मध्ये चेंबर्स यांनी डग्लस काउंटीच्या कोर्टात देवाविरुद्ध दावा दाखल केला: भूकंप, पूर, भय पसरवणं, थांबवण्याचा आदेश द्या. जगभर बातमी झाली. फालतू वाटणारे दावे दाखलच करू द्यायचे नाहीत अशी भाषा तेव्हा चालली होती, आणि त्यांना दाखवायचं होतं की कोर्टाचं दार कुणालाही, कुणाविरुद्धही उघडं असलं पाहिजे. दाव्यात तथ्य आहे की नाही ते आत गेल्यावर न्यायाधीशाने बघावं, दारातच अडवू नये. पुढच्या वर्षी न्यायाधीशांनी तो फेटाळला, प्रतिवादीचा पत्ता नसल्याने नोटीस बजावता येत नाही म्हणून. मेसेजमध्ये एवढाच विनोद उरतो.

नागरिकत्व मिळाल्यावर गेल्या वर्षी मला ज्युरीच्या कामाचं पत्र आलं. त्याच कोर्टात. ओमाहाच्या मध्यभागातली १९१२ ची दगडी इमारत. सुरक्षा तपासणीच्या रांगेत पट्टा, चाव्या, फोन ट्रेमध्ये ठेवले आणि आत गेले. दिवसभर बाकावर थांबलो, नाव काही पुकारलं गेलं नाही. या इमारतीबद्दल मी आधी वाचलं होतं, म्हणून जेवणाच्या सुट्टीत बाहेर येऊन वर बघत राहिले. सप्टेंबर १९१९ मध्ये सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या तुरुंगात विल ब्राउन नावाचा काळा मजूर होता, एका गोऱ्या मुलीवर अत्याचार केल्याचा आरोप असलेला. हजारोंच्या जमावाने इमारतीला आग लावली. मध्ये पडलेल्या महापौरांनाच फासावर लटकवलं, ते कसेबसे वाचले. विल ब्राउनला खाली ओढून आणलं, फाशी दिली, गोळ्या घातल्या, प्रेत जाळलं.

आरोप खरा की खोटा हे त्या इमारतीत कुणीच ऐकून घेतलं नाही. विल ब्राउनचा खटला उभाच राहिला नाही.